सातोरू इवाता प्रोग्रामरचा प्रेसिडेंट कसा झाला, आणि त्यातलं आपल्या कामाचं किती

प्रश्न थोडक्यात असा की बारा वर्षं कोड लिहिणाऱ्या माणसाला कंपनी म्हणतेय आता मॅनेजर हो, आणि त्याला भीती आहे की एकदा हात सुटला की आपली किंमत गेली. त्यात ऑफिसमधल्या कोणीतरी त्याला निन्टेंडो या जपानी गेम कंपनीच्या सातोरू इवाताचं उदाहरण दिलंय, की बघ, प्रोग्रामर होता आणि प्रेसिडेंट झाला, शिवाय शेवटपर्यंत कोड लिहीत होता, मग तुला काय अडचण आहे. मी गेम आणि एम्बेडेड (म्हणजे यंत्रांच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) दोन्हीकडे बरीच वर्षं काढलीत, लीडही केलंय आणि मॅनेजरही होतो, आणि हे उदाहरण दर दोन महिन्यांनी कोणीतरी देतंच, म्हणून एकदा नीट लिहितो. लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे "शेवटपर्यंत कोड लिहीत होता" हे खरं नाही. निन्टेंडोचा प्रेसिडेंट झाल्यावर त्याने कोड लिहिला नाही. त्याचं शेवटचं असं इंजिनिअर म्हणून काम २००१ मधलं, आणि त्यावर पुढे येतोच. पण त्याआधी तो तिथपर्यंत कसा पोचला ते बघायला लागेल कारण लोक मधली दहा वर्षं गाळून थेट वी आणि डीएस या निन्टेंडोच्या गाजलेल्या गेम मशीनवर उडी मारतात.

इवाताचा जन्म १९५९ चा, होक्काइदोमधल्या साप्पोरोचा. वडील सरकारी अधिकारी, नंतर मुरोरान शहराचे महापौर झाले, म्हणजे घर कसं असेल ते आपल्याला वेगळं सांगायला नको. शाळेत असताना त्याने एचपी-६५ नावाचा प्रोग्रामेबल कॅल्क्युलेटर मिळवला, हॉटेलात भांडी घासून थोडे पैसे जमवले आणि उरलेले वडिलांनी घातले. त्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रामला जागा किती, तर १०० स्टेप्स. त्यात पोरगा गेम लिहायचा, बाजूला बसणारा वर्गमित्र खेळायचा. पुढे १९७८ मध्ये तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला गेला, तेव्हाच कमोडोर पेट हा कॉम्प्युटर घेतला, आणि इकेबुकुरोच्या सेइबू डिपार्टमेंट स्टोअरच्या कॉम्प्युटर काउंटरवर पडीक असायचा. तिथे जमणाऱ्या टोळक्यातून १९८० मध्ये हॅल लॅबोरेटरी ही कंपनी निघाली. इवाता तिथे आधी पार्टटाइम आणि १९८२ ला डिग्री झाल्यावर फुलटाइम. एवढ्या नावाजलेल्या कॉलेजातून पास होऊन मुलगा पाच माणसांच्या कंपनीत गेला, वडील सहा महिने त्याच्याशी बोलले नाहीत. (आपल्याकडेही हेच झालं असतं, फक्त आपल्याकडे वडील बोलले असते आणि ते जास्त अवघड गेलं असतं.)

आता एक नशिबाची गोष्ट. कमोडोर पेटमध्ये ६५०२ नावाचा प्रोसेसर होता. जपानमध्ये तेव्हा बहुतेक लोक झेड-८० या दुसऱ्या प्रोसेसरवर काम करणारे, ६५०२ येणारे कमी. आणि १९८३ ला निन्टेंडोने फॅमिकॉम काढला तो नेमका ६५०२ च्या जातकुळीतल्या चिपवर. म्हणजे हा माणूस हौसेपायी चार-पाच वर्षं ज्या प्रोसेसरवर घासत होता तोच देशातल्या सगळ्यात मोठ्या गेम मशीनमध्ये येऊन बसला. हॅलने क्योतोला जाऊन निन्टेंडोकडे काम मागितलं आणि मिळवलं. १९८४ चा गोल्फ त्यानेच लिहिला, १८ होल त्या चिमुकल्या कार्ट्रिजमध्ये बसणार नाहीत म्हणून बाकीच्यांनी हात वर केले होते, याने स्वतःचं डेटा कॉम्प्रेशन लिहून बसवले. मग बलून फाइट, ज्यात कॅरेक्टर हवेत इतकं मऊ तरंगतं, कारण पोझिशन पूर्ण पिक्सेलमध्ये न मोजता अपूर्णांकात मोजली होती. सुपर मारिओच्या प्रोग्रामरने येऊन हे कसं केलं विचारलं, आणि १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्समधलं पाण्याखालचं पोहणं त्यातून आलं. अपूर्णांक असे मोजायची ही पद्धत, फिक्स्ड पॉइंट, आज यंत्रातलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या कुठल्याही फर्मवेअरवाल्याला माहीत असते, तेव्हा ती अशी तोंडी एकाकडून दुसऱ्याकडे जायची.

इथपर्यंतचा माणूस म्हणजे प्रश्न विचारणारे तुम्ही. म्हणजे टीममधला तो एक, ज्याच्याकडे अडलं की सगळे येतात. आणि अशाच माणसाला मॅनेजर करायची घाई कंपन्यांना असते, बरोबर?

१९९२ च्या सुमारास हॅल बुडायला आली. कर्ज १५० कोटी येन. निन्टेंडोचे प्रेसिडेंट हिरोशी यामाउची, १९४९ पासून खुर्चीत बसलेला, कोणालाही न जुमानणारा म्हातारा, त्यांनी मदतीची तयारी दाखवली पण अट घातली की इवाताला प्रेसिडेंट करा. वय ३३. त्याने मागितलं नव्हतं, तो काही एमबीए करून आलेला नव्हता, आणि खाली उतरायला जागाही नव्हती. १९९३ ला त्याने ती खुर्ची घेतली आणि सहा वर्षांत कर्ज फेडलं.

आता या सहा वर्षांत त्याने काय केलं हे मला वी पेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याने पहिली गोष्ट कोणती केली, तर कंपनीतल्या ऐंशी-नव्वद लोकांशी एकेकट्याने बोलायला बसला. सगळ्यांशी. कोणाबरोबर वीस मिनिटं, कोणाबरोबर तीन तास. पहिला प्रश्न बहुतेकदा हाच की तू इथे खूश आहेस का. आणि हे एकदा करून थांबला नाही, वर्षातून दोनदा, प्रेसिडेंट असेपर्यंत. लोक हे वाचतात आणि म्हणतात वा, किती प्रेमळ माणूस. प्रेमळ असेलही, पण मला त्यात प्रोग्रामर दिसतो. दुसऱ्याने लिहिलेला, डॉक्युमेंटेशन नसलेला, पडझड झालेला कोड हातात आला की शहाणा माणूस पहिल्या दिवशी काही बदलत नाही, आधी वरपासून खालपर्यंत वाचून काढतो. त्याने कंपनी वाचून काढली. तो स्वतःच सांगायचा की काम कुठे तुंबलंय ती नेमकी जागा सापडेपर्यंत बाकी ठिकाणी कितीही घाम गाळला तरी एकूण वेग वाढत नाही. हे परफॉर्मन्स ट्यूनिंग, म्हणजे प्रोग्रामचा वेग वाढवायचं काम, केलेल्या कोणालाही पटेल. प्रोफायलर (वेळ कुठे जातोय ते दाखवणारं टूल) न लावता ऑप्टिमाइझ करणारा ज्युनिअर आणि कोणाशी न बोलता टीमची रचना बदलणारा डायरेक्टर, दोघांचा रोग एकच.

आणि याच काळातले त्याचे दोन किस्से सगळ्यांना माहीत असतात पण त्यातला मुद्दा निसटतो.

एक मदर २ चा. शिगेसातो इतोई या लेखकाचा गेम, चार वर्षं झाली तरी उभा राहीना, बंद पडायच्या बेतात. इवाताला बोलावलं. त्याने सगळं बघून सांगितलं की आत्ता जे आहे तेच दुरुस्त करत बसलो तर दोन वर्षं लागतील, नव्याने करायचं म्हटलं तर अर्धं वर्ष. लोकांना हे फार आवडतं, जुना कोड टाकून नव्याने लिहायचं समर्थन म्हणून प्रत्येक आर्किटेक्ट हे वाक्य फेकतो. पण तो आधी त्यांना पर्याय देतोय, दोन्ही आकडे समोर ठेवतोय, निवड त्यांच्यावर सोडतोय, आणि मुळात तो दुसऱ्या कंपनीचा प्रेसिडेंट असून स्वतः तो कोड लिहिणार आहे. शिवाय त्याने आधी टूल्स बनवली, म्हणजे बाकीचे जे लोक हात बांधून बसले होते त्यांना काम करता यायला लागलं. चित्रं, मजकूर, नकाशे बनवणारी तीच माणसं, वाट मोकळी झाल्यावर धावायला लागली. गेम ऑगस्ट १९९४ ला आला.

दुसरा पोकेमॉनचा. इथे इंटरनेटवर एक दंतकथा फिरते की पोकेमॉन गोल्ड-सिल्व्हर या गेममध्ये इवाताने एकट्याने जादू करून कांतो हा अख्खा प्रदेश बसवला. त्याने ग्राफिक्स कॉम्प्रेस करायची टूल्स करून दिली, हे काम मोठंच आहे, पण बाकीचं लोकांनी चढवलेलं. मला जास्त भारी वाटतं ते दुसरं, की निन्टेंडो ६४ या मशीनसाठी पोकेमॉन स्टेडियम हा गेम करायचा होता आणि मूळ गेमच्या लढाईच्या नियमांचं डॉक्युमेंट असं काही अस्तित्वातच नव्हतं. त्याने गेम बॉय या हातातल्या मशीनवरच्या मूळ गेमचा सोर्स कोड मागवला, वाचला, आणि आठवड्याभरात ती लढाई नव्या मशीनवर चालवून दाखवली. एका कंपनीचा प्रेसिडेंट. आणि तेव्हा तो पोकेमॉन बनवणाऱ्या कंपनीत नोकरीलाही नव्हता.

मग तुम्ही म्हणाल की बघा, म्हणजे प्रेसिडेंट असून कोड लिहीत होताच की. हो, हॅलमध्ये लिहीत होता. सुपर स्मॅश ब्रदर्स या गेमचा पहिला प्रोटोटाइप हॅलमधल्या मासाहिरो साकुराईने डिझाइन केला आणि इवाताने शनिवार-रविवार बसून प्रोग्राम केला. पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे ती ऐंशी-नव्वद माणसांची कंपनी होती, त्या साइझला हे जमतं. दुसरं म्हणजे त्याचा नियम असा होता की जे काम मीच सगळ्यात जलद करू शकतो तेवढंच मी करायचं. आपल्याकडे मॅनेजर कोड लिहितात ते बहुतेकदा उलट्या कारणाने, त्यांना त्यात बरं वाटतं म्हणून, आणि मग त्यांचा पुल रिक्वेस्ट (मंजुरीसाठी पाठवलेला कोड) रिव्ह्यू करायची कोणाची हिंमत होत नाही आणि तो आठवडाभर लटकतो. आठ माणसांच्या टीमचा मॅनेजर जर मुख्य मॉड्यूल स्वतःकडे ठेवून बसला तर तो स्वतःच तुंबलेली जागा होतो.

२००० साली तो निन्टेंडोत आला, कॉर्पोरेट प्लॅनिंगचा प्रमुख म्हणून. आणि आता ते २००१ चं. निन्टेंडोच्या गेमक्यूब या मशीनसाठी 'स्मॅश ब्रदर्स मेली' हा गेम येणार होता, तारीख ठरलेली, आणि बग संपेनात. तर हा क्योतोतून उठला आणि यामानाशीला हॅलच्या ऑफिसात जाऊन तीन आठवडे कोड वाचत आणि बग काढत बसला, हुद्दा कॉर्पोरेट प्लॅनिंगचा असताना. गेम नोव्हेंबरमध्ये वेळेवर निघाला. तो नंतर म्हणाला की प्रत्यक्ष इंजिनिअर म्हणून केलेलं ते शेवटचं काम. पुढच्या वर्षी, मे २००२ मध्ये, यामाउचींनी खुर्ची सोडली आणि इवाताला दिली. १८८९ पासूनच्या कंपनीत यामाउची कुटुंबाबाहेरचा पहिला प्रेसिडेंट, वय ४२. आणि तिथे कोड संपला.

मग उरलं काय? माझ्या मते तीच सवय, आधी वाचायचं मग हात लावायचा, फक्त आता वाचायची गोष्ट म्हणजे बाजार. २००२ मध्ये सगळी इंडस्ट्री एकाच दिशेने पळत होती, जास्त ताकदीचा प्रोसेसर, जास्त भारी ग्राफिक्स. गेमक्यूब मशीन म्हणून काही वाईट नव्हता पण खपला २ कोटी १७ लाखांच्या आसपास आणि सोनीच्या प्लेस्टेशन २ ने १५ कोटींच्या वर मजल मारली. इवाताने बघितलं की जपानमध्ये गेम खेळणारेच कमी होतायत, जे खेळत नाहीत त्यांना कंट्रोलरवरची बटणं बघूनच धडकी भरते, आणि यावर अजून ग्राफिक्स हा इलाज नाही. डीएस २००४ ला आला (दोन स्क्रीनचा हट्ट यामाउचींचा, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं), मग तोहोकू विद्यापीठाच्या र्‍युता कावाशिमा यांच्यासोबतचा मेंदूच्या व्यायामाचा गेम, छोट्या टीमने साधारण ९० दिवसांत केलेला, तो जपानमधल्या आजी-आजोबांनी घेतला. २००६ ला वी. अमेरिकेत किंमत २५० डॉलर, आणि त्याच महिन्यात सोनीचा प्लेस्टेशन ३ आला ५०० आणि ६०० डॉलरला.

इथे एक तुलना करायचा मोह आवरत नाही. प्लेस्टेशनचा बाप केन कुतारागी, तोही इंजिनिअर, तोही अफाट. गंमत म्हणजे निन्टेंडोच्याच सुपर फॅमिकॉममधली साउंड चिप त्याने सोनीत असताना बनवली होती. कुतारागीने प्लेस्टेशन ३ मध्ये सेल हा प्रोसेसर घातला जो कागदावर राक्षस होता आणि प्रोग्राम करायला डोकेदुखी, मी त्या काळातल्या लोकांच्या शिव्या ऐकल्यात. २००७ मध्ये त्याला पायउतार व्हायला लागलं. म्हणजे "इंजिनिअर वर बसला की कंपनी भारी चालते" हे काही खरं नाही. दोघेही इंजिनिअर, पण एकाने मशीनची मर्यादा ढकलली आणि एकाने १०० स्टेप्सच्या कॅल्क्युलेटरपासून मर्यादेत बसवायची सवय लावून घेतली होती. डीएस गेला १५ कोटी ४० लाख, वी १० कोटी १६ लाख.

बरं, आता इवाताचे भक्त जो भाग पटकन उरकतात तो. २०११ ला डीएसच्या पुढचं मशीन थ्रीडीएस आला, २५,००० येनला, आणि खपेना. सहा महिन्यांत किंमत १५,००० वर आणली, म्हणजे थेट १०,००० ने कमी, ज्यांनी आधी घेतला होता त्यांना भरपाई म्हणून २० जुने गेम फुकट दिले, आणि इवाताने स्वतःचा पगार निम्मा केला, मियामोतो आणि ताकेदा या वरिष्ठ संचालकांचा ३० टक्के कमी झाला. मार्च २०१२ ला संपलेल्या वर्षात कंपनीला ४,३२० कोटी येनचा तोटा. मग वी यू, जो लोकांना नवीन मशीन आहे की वी चं ॲक्सेसरी हेच कळलं नाही, एकूण १ कोटी ३५ लाख खपला. जानेवारी २०१४ मध्ये त्याला त्या वर्षाच्या वी यू चा अंदाज ९० लाखांवरून २८ लाखांवर आणायला लागला. एवढा अंदाज चुकणं म्हणजे जो माणूस बाजार वाचण्यासाठी ओळखला जात होता त्याचं वाचन इथे साफ चुकलं, आणि मला वाटतं त्याचं एक कारण हेच की फोनने काय होतंय हे मान्य करायला त्याने फार वेळ घेतला. मोबाइल गेमसाठी डीएनए या जपानी कंपनीशी हातमिळवणी जाहीर झाली मार्च २०१५ मध्ये, तोवर आयफोनला आठ वर्षं होत आली होती.

या सगळ्या काळात शेअरहोल्डर विचारत होते की माणसं का कमी करत नाही. २०१३ च्या सभेत त्याने सांगितलं की माणसं कमी केली तर ताळेबंद थोडा काळ बरा दिसेल, पण ज्याला वाटतंय उद्या आपली नोकरी जाणार तो लोकांच्या मनाला भिडेल असं सॉफ्टवेअर बनवू शकत नाही. हे वाक्य दर लेऑफच्या वेळी लिंक्डइनवर फिरतं. मलाही पटतं. पण फिरवणारे हे सांगत नाहीत की निन्टेंडोकडे वी-डीएसच्या काळातली प्रचंड रोकड पडून होती आणि कर्ज नव्हतं, म्हणून ओळीने तीन वर्षं ऑपरेटिंग तोटा सोसूनही तो असं म्हणू शकला. तिमाहीवर जगणाऱ्या सर्व्हिसेस कंपनीतल्या डिलिव्हरी मॅनेजरला हे म्हणायची सोय नसते, त्याला खलनायक ठरवून उपयोग नाही.

२०१४ च्या जूनमध्ये त्याच्या पित्तनलिकेतली गाठ काढली, पुढे बरा होऊन परत काम करायला लागला, आणि ११ जुलै २०१५ ला गेला. ५५ वर्षं. निन्टेंडोचा स्विच आला मार्च २०१७ मध्ये, म्हणजे त्याच्या हयातीत ज्याचं फक्त एनएक्स हे सांकेतिक नाव जाहीर झालं होतं ते मशीन.

आता तुमच्याकडे येतो. तुमची भीती कोड सुटण्याची आहे. इवाताचं करिअर बघून मी असं म्हणेन की कोड सुटणारच, आज ना उद्या, आणि ते ठीक आहे. बघायचं हे की तुम्हाला माणसांचा गुंता वाचण्यात तितकाच रस आहे का, जितका कोडचा गुंता वाचण्यात आहे. सगळ्यांना नसतो. मला माहीत असलेले काही उत्तम इंजिनिअर मॅनेजर झाले आणि वर्षभरात चिडचिडे झाले कारण माणूस प्रोग्रामसारखा डिबगरमध्ये थांबवून बघता येत नाही, एकाच प्रश्नाला सोमवारी वेगळं उत्तर देतो आणि शुक्रवारी वेगळं. ज्याला हे इंटरेस्टिंग वाटतं त्याने जावं, ज्याला त्याचा त्रास होतो त्याने प्रिन्सिपल इंजिनिअरचा, म्हणजे मॅनेजर न होता वर जायचा, रस्ता धरावा, तो आता बऱ्याच कंपन्यांत आहे आणि पगारातही फार मागे नाही.

याची चाचणी प्रमोशन घ्यायच्या आधीच करता येते. टीममधल्या प्रत्येकाशी एकदा अर्धा तास बोला, स्टेटस न विचारता, तुझं काम कुठे अडतं एवढंच विचारा, आणि मधे उपाय सुचवू नका. ते "मधे उपाय सुचवू नका" सगळ्यात अवघड आहे, आपल्या लोकांना फार अवघड, वाक्य संपायच्या आत आपण "अरे त्यात काय, असं कर" म्हणून मोकळे होतो. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर तुम्हाला जर कुठे तुंबलंय ते दिसायला लागलं आणि ते मोकळं करायची खाज सुटली तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. नुसतं थकायला झालं आणि परत एडिटर उघडून बसावंसं वाटलं तरी मिळालंच.

आणि होकार द्यायचा असेल तर तुमच्या डायरेक्टरशी आधी दोन गोष्टी ठरवून घ्या. पहिले तीन महिने मी टीमची रचना बदलणार नाही, फक्त समजून घेणार, त्या काळात माझ्याकडून कोणताही मोठा प्लॅन मागायचा नाही. आणि माझ्या नावावर असलेलं मॉड्यूल कोणाकडे जाणार, ते नाव आणि तारीख आत्ताच ठरवायची. इवाताच्या मागे हॅलच्या वेळी यामाउची उभे होते, त्यांनी त्याला सहा वर्षं दिली. तुम्हाला कोणी सहा वर्षं देणार नाही, पण तीन महिनेसुद्धा द्यायला तयार नसतील तर ते मॅनेजर शोधत नाहीयेत, एस्केलेशन कॉलवर, म्हणजे वर गेलेल्या तक्रारींना उत्तरं देत, बसायला माणूस शोधतायत, आणि मग खुशाल नाही म्हणा.

पगाराचं तुम्ही विचारलं नाहीत पण पहिल्या वर्षी पगारवाढ शक्यतो बेसमध्ये, म्हणजे मूळ पगारात, मागा, बोनसमध्ये नको, कारण मॅनेजरचा बोनस टीमच्या आणि कंपनीच्या आकड्यांना बांधलेला असतो आणि पहिल्या वर्षी ते दोन्ही तुमच्या हातात नसतात.